दोदो सूमरोला खोट्या सालाची गरज नाही

सिंधच्या सूमरा घराण्यातला राजा दोदो सूमरो अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजेशी लढताना पडला, ही गाथा सिंध आणि कच्छमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गायली जाते. अल्लाउद्दीनच्या मोहिमा टिपून ठेवणाऱ्या जुन्या दिल्लीकर लेखकांपैकी एकानेही या लढाईचा उल्लेख केलेला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांच्यामधल्या फटीत एक जुना वाद अडकून बसला आहे.

वादाच्या एका बाजूला दोदोवर मनापासून प्रेम करणारे लोक आहेत. त्यांना त्याचं नाव पाठ्यपुस्तकात हवं आहे. पाठ्यपुस्तकात जायचं तर लढाईचं साल, फौजेचा आकडा, सेनापतीचं नाव हवंच, असं त्यांना वाटतं. मग गाथेतलं सेनापतीचं नाव उचललं जातं आणि अल्लाउद्दीनच्या कारकिर्दीतलं, म्हणजे १२९६ ते १३१६ मधलं, एखादं सोयीचं साल त्याला जोडलं जातं. एक जण लिहितो, दुसरा त्याचा हवाला देतो, तिसरा दुसऱ्याचा, आणि बघता बघता ते साल सर्वमान्य होऊन बसतं. दुसऱ्या बाजूला कागदाचे कडवे आग्रही आहेत. समकालीन पुरावा नाही, म्हणजे सगळी भाटांची कल्पना, असं म्हणून ते वही मिटतात.

माझं मत असं की दोदोला अभ्यासक्रमात, स्मारकांत आणि सार्वजनिक स्मृतीत जागा मिळालीच पाहिजे, पण ती लोकगाथेचा नायक म्हणून, तिच्या संपूर्ण मानासह. त्याच्या नावावर बनावट साल चिकटवलं की गाथेचंही नुकसान होतं आणि इतिहासाचंही. आणि कागद नाही म्हणून गाथा फेकून दिली, तर मध्ययुगीन सिंधच्या समाजाबद्दल फारच थोड्या ठिकाणी उरलेली माहिती आपण हातानेच पुसून टाकतो.

आधी गाथा. सिंधच्या दक्षिण भागावर राज्य करणारा भुंगर सूमरो मरतो. त्याला दोन मुलगे, वेगवेगळ्या आयांचे. त्यांतल्या एकीचं कूळ लोहाराचं. चनेसर थोरला, दोदो धाकटा. जमातीचे वडीलधारे जमतात आणि राज्याची पगडी चनेसरपुढे करतात. तो म्हणतो, आधी आईला विचारून येतो. पंचांना हे खटकतं. पगडी घेण्यासाठी आईची परवानगी मागणारा माणूस संकटात राज्य कसं राखणार, असं म्हणून ते पगडी दोदोच्या डोक्यावर ठेवतात. अपमान झालेला चनेसर दिल्ली गाठतो, अल्लाउद्दीनकडे फौज मागतो आणि बदल्यात बहीण बाघीचा हात देऊ करतो. दोदो ही सोयरीक ठामपणे नाकारतो. दिल्लीची फौज सिंधवर चालून येते.

लढाईआधी दोदो सूमरा घराण्यातल्या स्त्रियांना कच्छच्या जाम अबडोकडे 'साम' म्हणून, म्हणजे शरणागत म्हणून, पाठवतो. मग लढाई होते आणि दोदो पडतो. अनेक पाठांत पुढचा प्रसंग असा आहे: दोदोच्या प्रेताची विटंबना होताना पाहून चनेसरचं रक्त उसळतं आणि तो ज्यांना घेऊन आला त्यांच्यावरच उलटतो. फौज स्त्रियांच्या मागावर कच्छमध्ये उतरते. अबडो त्यांना स्वाधीन करत नाही, लढतो आणि मरतो. स्त्रियांना धरणी पोटात घेते. कच्छच्या नखत्राणा तालुक्यातल्या रोहा किल्ल्याजवळची जागा आजही या आठवणीशी जोडलेली आहे; कच्छी परंपरा त्या स्त्रियांची संख्या १२० सांगते. अबडासा तालुक्याचं नाव याच अबडोवरून पडलं, असं तिथले लोक मानतात.

ही गाथा गायची रीतही समजून घ्यायला हवी, कारण पुराव्याचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. कथेचा मोठा भाग गद्यात सांगितला जातो आणि मोक्याच्या जागी पद्य येतं. या पद्याला सिंधीत 'ॻाह' म्हणतात. गद्य दर कथेकरी आपापल्या परीने फुलवतो. पद्य मात्र यमक आणि मात्रांनी बांधलेलं असल्यामुळे तुलनेने कमी हलतं. जुने शब्द, जुनी गावं, जुने नातेसंबंध सापडायचे तर ते ॻाहांत सापडतात. फौजेचे आकडे, संवाद, दरबाराची वर्णनं ही गद्यातली भर असते. सुमंग चारण आणि भागू भाण ही सूमरा काळातल्या कवींची म्हणून सांगितली जाणारी नावं, आणि भागू भाण तर गाथेतलं पात्रही आहे. म्हणजे गाणारा स्वतःच कथेत उभा आहे. डॉ. नबी बख्श बलोच यांनी सिंधी अदबी बोर्डाच्या लोकसाहित्य योजनेत चाळीसहून अधिक खंड सिद्ध केले. त्यात या गाथेचे गावोगावचे पाठ जमवताना त्यांनी फरक पुसून एक 'शुद्ध' पाठ बनवला नाही. या कामाचं मोल फार मोठं आहे. पाठांतले फरक राहिले, म्हणूनच आज गाथेची तपासणी शक्य होते.

आता तपासणी. सूमरा घराण्याचा काळ साधारण अकराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा. त्यांच्या दरबारात लिहिला गेलेला एकही इतिहास आपल्यापर्यंत आलेला नाही. त्यांच्याबद्दल सलग लिहिणारे लेखक फार नंतरचे: मीर मासूम भक्करी १६०० च्या सुमारास, ताहिर मुहम्मद निसयानी १६२१ मध्ये, आणि मीर अली शेर कानी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. सूमरा सत्ता संपल्यानंतर मासूमपर्यंतच अडीचशे वर्षं जातात. या लेखकांच्या राजावळ्या एकमेकांशी जुळत नाहीत. दोदो, भुंगर, उमर ही नावं पुन्हा पुन्हा येतात, कारण आजोबाचं नाव नातवाला ठेवायची चाल होती. मासूमच्या यादीत भुंगरचा मुलगा दोदो आहे खरा, पण तो घराण्याच्या अगदी सुरुवातीचा. त्याच्यानंतर मुलगा लहान म्हणून मुलगी तारी हिने राज्य चालवलं, अशी नोंद आहे. हा दोदो अल्लाउद्दीनच्या दोनशे वर्षं आधीचा. त्याला गाथेतला दोदो मानलं तर खिलजी गळतो, आणि खिलजी ठेवायचा तर यादीतला दुसरा कुठला तरी दोदो निवडावा लागतो. ही निवड ज्या-त्या लेखकाने आपल्या सोयीने केली आहे, आणि खोटी सालं शिरायला इथेच वाट मिळते.

चनेसरची गोष्ट याहून रंजक आहे. चंगीझखानापुढून निसटलेला ख्वारझमचा जलालुद्दीन १२२१ मध्ये सिंधू ओलांडून आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सिंधमधल्या देबल बंदरापर्यंत पोहोचला. तेव्हा तिथला सूमरा सत्ताधीश होडीतून समुद्रात पळून गेला, असं फारसी इतिहासात नोंदलेलं आहे. १२२८ मध्ये सिंध-मुलतानचा तुर्क सत्ताधीश नासिरुद्दीन कुबाचा भक्करजवळ सिंधूत बुडून मेला. त्यानंतर देबल आणि सिंधचा मलिक सिनानुद्दीन दिल्लीच्या सुलतान इल्तुतमिशपुढे शरण गेला, हे मिन्हाज-ए-सिराज जुझजानी या समकालीन लेखकाने लिहून ठेवलं आहे. या मलिकाच्या नावाचा पुढचा भाग हस्तलिखितांत डळमळतो. अनेक अभ्यासक तो 'चनेसर' असा वाचतात. हे वाचन धरलं, तर दिल्लीशी हातमिळवणी करणारा एक चनेसर कागदोपत्री सापडतो, पण अल्लाउद्दीन गादीवर येण्याच्या ६८ वर्षं आधी. गाथेतला चनेसर हाच, असं शपथेवर सांगता येणार नाही. तरी सूमरा सरदार दिल्लीच्या दारात गेला ही आठवण हवेतून आलेली नाही, एवढं यावरून ठरतं.

दिल्लीकरांच्या मौनाला किती वजन द्यायचं? हा प्रश्न दोन्ही बाजू घाईने निकालात काढतात. अमीर खुस्रोने अल्लाउद्दीनच्या विजयांचं खास पुस्तक लिहिलं. रणथंबोर, चित्तोड, माळवा, सिवाणा, देवगिरी, वारंगळ, दक्षिणेचा थेट तळापर्यंतचा मुलूख, असं सगळं त्यात आहे. सिंधच्या राजाला मारून मिळवलेला विजय नाही. सुलतानाची स्तुती हेच ज्या पुस्तकाचं काम, त्याने मोठा विजय गाळावा हे पटत नाही. झियाउद्दीन बरनी १३५७ च्या सुमारास लिहितो. इसामी १३५० मध्ये दख्खनेत, बहमनी सुलतानाच्या आश्रयाने. दोघेही अल्लाउद्दीनच्या लढाया तपशिलाने सांगतात, पण दोदो दोघांकडेही नाही. बरनीकडे सिंधमधली एक मोहीम नक्की आहे. मंगोलांनी सिविस्तानचा, म्हणजे आजच्या सेहवानचा, किल्ला बळकावला होता आणि १२९९ च्या आसपास जफरखानाने तो परत घेतला. पण ती लढाई मंगोलांशी झाली. म्हणून सुलतानाच्या हुकमाने मोठी फौज आली, राजा पडला, राज्य बुडालं, असं जे चित्र गाथा उभं करते, त्याला हे मौन भारी पडतं. मुलतानच्या किंवा सिविस्तानच्या सुभेदाराशी झालेली एखादी चकमक मात्र या लेखकांच्या नजरेतून सहज सुटू शकते. मौनातून यापुढे काही काढता येत नाही.

इथपर्यंत वाचून कागदवाले खूश होतील. पण गाथेची खरी ताकद आता पुढे आहे.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३३ मध्ये सिंधू ओलांडून आला. नदीकाठच्या जनानी या गावात त्याला 'सामिरा' लोक भेटले. हे सूमराच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांच्याबद्दल तो लिहितो की हे लोक कुणाबरोबर जेवत नाहीत, जेवताना कुणी पाहिलेलं त्यांना चालत नाही, आणि कुळाबाहेर सोयरीक करत नाहीत. गाथेचा कणा नेमका हाच आहे. बाघीचा हात सुलतानाला देणं अशक्य का? दोदो मुलूख द्यायला, खंडणी द्यायला तयार झाला असता की नाही यावर पाठांत मतभेद असतील, पण बाघी द्यायची नाही यावर सगळे पाठ एक आहेत. जी रीत एका परदेशी प्रवाशाने डोळ्यांनी पाहून नोंदवली, तीच रीत गाथेत युद्धाचं कारण बनते. घटना विरघळली तरी चालरीत टिकली. मौखिक परंपरा असंच काम करते: नावं सरमिसळ होतात, सालं गळतात, शत्रू बदलतो, पण समाज कशासाठी मरायला तयार होता हे ती फार नेमकं जपते.

शत्रू बदलतो, हेही सिंधमध्ये दाखवता येतं. इब्न बतूता पोहोचला त्याच्या थोडं आधीच सिविस्तानमध्ये वुनार नावाच्या सूमरा सरदाराने कैसर रूमीच्या साथीने बंड केलं होतं. दिल्लीने नेमलेला अधिकारी रतन याला त्यांनी मारलं आणि खजिना लुटला. वुनार वेळीच आपल्या जमातीकडे निघून गेला. मुलतानहून आलेल्या दिल्लीच्या सरदाराने, इमादुल्मुल्क सरतेझने, ४० दिवस वेढा घालून शहर घेतलं आणि शरण आलेल्यांची कातडी सोलून तटावर टांगली. बतूता ज्या मदरशाच्या गच्चीवर झोपायचा, तिथून ती कातडी दिसत आणि त्याला रात्री झोप लागेना. पुढे मुहम्मद तुघलक तगी या बंडखोराचा पाठलाग करत सिंधमध्ये आला. तगीला ठठ्ठ्याच्या बाजूला आसरा मिळाला होता. २० मार्च १३५१ रोजी ठठ्ठ्याजवळ सिंधूकाठी सुलतान तापाने मेला. त्याच्यानंतरचा फिरोजशहा १३६५ च्या सुमारास पुन्हा ठठ्ठ्यावर गेला. साथीने त्याचे बहुसंख्य घोडे मेले, धान्य संपलं, आणि गुजरातकडे मागे फिरताना फौज कच्छच्या रणात महिनोन्‌महिने भटकली. तेव्हा ठठ्ठ्याचे लोक जे म्हणू लागले, ते शम्स सिराज अफीफने टिपून ठेवलं आहे: शेख पठाच्या (ठठ्ठ्याजवळच्या पीराच्या) कृपेने 'इक मुआ, इक नठा'. एक मेला, एक पळाला.

हे सगळं एकत्र ठेवून बघा. आसरा मागणारा शरणागत आणि त्याला बाहेर न काढणारे यजमान आहेत. दिल्लीहून आलेली फौज आहे, सूमरा सरदार आहे, मृत देहांची विटंबना आहे, कच्छचं रण आहे. गाथेतला प्रत्येक घटक १३३३ ते १३६७ या काळात कुठे ना कुठे प्रत्यक्ष सापडतो, पण वेगवेगळ्या माणसांच्या आयुष्यात विखुरलेला. कदाचित १२२० च्या दशकातला चनेसर, चौदाव्या शतकातली तुघलकी फौज, आणि त्याच्याही आधीचा एखादा दोदो यांना गाणाऱ्यांनी एका लढाईत आणून बसवलं. पश्चिम भारतात दिल्लीच्या स्वारीला चेहरा द्यायचा झाला की तो अल्लाउद्दीनचा दिला जातो. राजस्थान आणि गुजरातच्या कितीतरी गाथांतून हे दिसतं. तिथे त्याच्या स्वाऱ्या खरोखर झाल्या होत्या, सिंधमध्ये मात्र ते नाव दुसऱ्यांच्या जागी येऊन बसलं असावं. मला हा सर्वांत सयुक्तिक अर्थ वाटतो, आणि त्यात दोदोची उंची तसूभरही कमी होत नाही.

मराठी वाचकाला ही प्रक्रिया परकी वाटू नये. १२९६ ची देवगिरीवरची स्वारी पक्की नोंदलेली आहे. पण किल्ल्यातल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघालं ही गोष्ट आपल्याला सापडते ती फरिश्ता या इतिहासकाराकडे, सुमारे तीनशे वर्षांनी. 'गड आला पण सिंह गेला' म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण शाळेत शिकलो. पण १६७० च्या आधीच्या, १६६३ च्या शिवकालीन पत्रात सिंहगड हे नाव आलेलं आहे. यामुळे तानाजींच्या पराक्रमाला बाध येत नाही. लढाई झाली, ते पडले, गड आला. फक्त नावाची कथा पोवाड्याच्या परंपरेतली आहे हे आपण समजून घेतलं आणि दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठेवल्या. दोदोबद्दल यापेक्षा वेगळं काही मागितलेलं नाही. फरक एवढाच की तिथे लढाईचाच कागद नाही, म्हणून जबाबदारी अधिक.

दोदोला खोट्या सालाची निकड का वाटू लागली, याचं कारण विसाव्या शतकात आहे. १९५५ ते १९७० या काळात पश्चिम पाकिस्तानचे सगळे प्रांत मोडून एकच प्रांत करण्यात आला. सिंध हे नाव प्रशासनातून गेलं. सिंधी भाषेची जागा आक्रसली. सरकारी इतिहासात सिंधची ओळख अरब सेनापती मुहम्मद बिन कासिमच्या स्वारीपासून सुरू होत होती आणि सिंधी मुलांना स्वतःच्या मातीतला नायक त्या पुस्तकांत सापडत नव्हता. सिंधी राष्ट्रवादी नेते जी. एम. सय्यद यांच्या राजकारणाने आणि त्या पिढीच्या कवींनी ती जागा भरली. शेख अयाझ यांनी दोदोच्या मृत्यूवर संगीतिका लिहिली. दोदो प्रतिकाराचं नाव झालं आणि चनेसर घरभेद्याचं. हे अगदी स्वाभाविक होतं, आणि दडपलेल्या समाजाने आपल्या गाथेतून बळ घ्यावं याला माझा जराही विरोध नाही. अयाझ यांनी काव्य लिहिलं, आणि काव्याला सालाची गरज नसते. गडबड पुढे झाली. काव्यात जे शोभतं तेच लढाईच्या नकाशासह इतिहासाच्या धड्यात घालण्याचा आग्रह सुरू झाला.

त्या आग्रहात गाथा स्वतःच पातळ झाली. मूळ कथेतला चनेसर नुसता फितूर नाही. थोरलेपणाचा हक्क त्याचा होता. पंचांनी तो एका वाक्यावरून काढून घेतला. आईला विचारून येतो म्हणणं हा गुन्हा का ठरावा? गाथा या जागी पंचांची बाजू घेते, आणि स्त्रीच्या सल्ल्याबद्दलचा त्या काळचा तुच्छभाव त्यात उघड दिसतो. आजच्या वाचकाने, विशेषतः शिकवणाऱ्याने, यावर बोट ठेवलं पाहिजे. दुसरीकडे बाघी ही नुसती देण्याघेण्याची वस्तू होऊन राहत नाही. पाठापाठांत तिला स्वतःचा आवाज आहे. आणि अबडो? त्याचं सूमरांशी राज्याचं काही देणंघेणं नव्हतं. दारात आलेल्यांना परत द्यायचं नाही एवढ्यासाठी तो मेला. शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) यांच्या 'सूर बिलावल' या काव्यभागात या आश्रयदात्याची स्तुती आहे. दोदोच्या नावाचा स्वतंत्र सूर मात्र त्यांच्या काव्यात नाही, तर उमर-मारुई, मूमल-राणो आणि लीला-चनेसर यांचे आहेत. सिंधच्या सर्वांत मोठ्या कवीने या कथेतून तलवारीपेक्षा शरणागताचं रक्षण उचललं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. देशभक्त आणि फितूर या दोन रंगांत कथा रंगवली की हा सगळा भाग झाकला जातो.

धर्माच्या नावावर चाललेली ओढाताण याच जातीची. कुणी दोदोला तुर्कांशी लढणारा परमार राजपूत करतं, कुणी पक्का मुसलमान बादशहा. सूमरांची नावं देशी, त्यांच्या चालीरीती मिश्र. १०३३ च्या सुमाराच्या द्रुझ या इस्माइली शाखेतून निघालेल्या पंथाच्या एका पत्रात मुलतानकडच्या सूमर राजा बल याला उद्देशून मजकूर आहे, त्यामुळे त्यांचा इस्माइली पंथाशी संबंध जुना असल्याचं दिसतं. आजच्या दोन खणांपैकी कुठल्याही एका खणात हा समाज मावत नाही. गाथेला त्याची फिकीरही नाही. तिच्यात कूळ, पगडी, बहीण आणि शरणागत यांवर सगळं उभं आहे.

तर मग पाटीवर काय लिहायचं? प्रश्न अगदी व्यवहारातला आहे, कारण बदीन जिल्ह्यातल्या रूपा माडीच्या अवशेषांत दोदोची म्हणून एक कबर दाखवली जाते आणि तिथे लोक श्रद्धेने जातात. मी असा मजकूर सुचवेन: 'सूमरा घराण्याने अकराव्या ते चौदाव्या शतकात दक्षिण सिंधवर राज्य केलं. लोकगाथेनुसार दोदो सूमरो दिल्लीच्या फौजेशी लढताना पडला आणि त्याचं दफन इथे झालं. या लढाईचा समकालीन लेखी उल्लेख मिळालेला नाही. चौदाव्या शतकात सूमरा आणि दिल्लीचे सुलतान यांच्यात संघर्ष झाल्याचे समकालीन उल्लेख आहेत.' चार वाक्यं, साल एकही नाही, आणि भाविकाला दुखावणारंही काही नाही. पाठ्यपुस्तकात हीच चार वाक्यं आणि त्यांच्याखाली मूळ ॻाहांतली आठ-दहा कडवी द्यावीत. मुलांना कडवी पाठ होतील, आणि पुरावा म्हणजे काय हेही त्याच पानावर शिकता येईल.

जागेची काळजी हा वेगळा आणि तातडीचा विषय आहे. सूमरांची ठाणी सिंधूच्या पूर्वेकडच्या जुन्या प्रवाहांवर होती. पुराण नावाची ही धार एके काळी कच्छच्या कोरी खाडीपर्यंत जायची. ती आटत गेली, आणि १६ जून १८१९ च्या भूकंपाने अल्लाह बंद नावाचा जमिनीचा उंचवटा वर उचलला जाऊन तिच्या उरल्यासुरल्या वाटेवरही आडवा बांध उभा राहिला. नदी सरकली की शहरं ओस पडतात. सूमरांची राजधानी पुन्हा पुन्हा का बदलली याचं उत्तर बऱ्याच अंशी पाण्यात आहे. आता त्याच पट्ट्यात उलटं संकट आहे. कोत्री धरणाच्या कालव्यांनंतर भूजल वर आलं आणि जमिनी खारावल्या. खारं पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढतं, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर वाळतं, मिठाचे स्फटिक विटेच्या आत फुगतात आणि विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यासारखा गळतो. भिंतीला लोणा लागतो तो असा. अशा वेळी सिमेंटचा गिलावा करणं ही सर्वांत महाग चूक. ओल बाहेर पडायची वाट बंद होते, पाणी आणखी वर चढतं आणि वरच्या धडधाकट विटाही जातात. भोवती चर खणून पाण्याचा निचरा करावा, सांध्यात चुना आणि सुरखी (विटांची भुकटी) वापरावी, खालच्या भागावर चुन्याचा पातळ गिलावा द्यावा आणि मीठ शोषून तो खराब झाला की काढून पुन्हा करावा. कुठल्याही नव्या घुमटाआधी, पुतळ्याआधी हे झालं पाहिजे. आणि त्याहीआधी शास्त्रीय उत्खनन, कारण सूमरा काळाबद्दल नवं काही हाती लागायचं असेल तर ते नाणं, शिलालेख किंवा खापरांच्या थरांतूनच लागेल. जुन्या जागेवर नवं काँक्रीट ओतलं की ती शक्यता कायमची संपते.

दुसरं तातडीचं काम माणसांपाशी आहे, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रात येतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले. १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. १९४७ मध्ये जे बारा वर्षांचे होते ते आज नव्वदीत आहेत. सिंधमधल्या गावांत, मेळ्यांत, मंगणहारांच्या (परंपरेने गाणाऱ्यांच्या) आणि भाटांच्या तोंडून ही गाथा ऐकलेल्यांची ती शेवटची पिढी. त्यांच्या नातवंडांपैकी बहुतेकांना सिंधीची अरबी लिपी वाचता येत नाही, म्हणून छापील खंड त्यांना बंद आहेत. उल्हासनगर, पिंपरी, चेंबूर, नागपूर इथल्या सिंधी संस्थांनी आणि विद्यापीठांच्या लोकसाहित्य विभागांनी हे काम एकत्र हाती घ्यायला हवं.

ते करताना काही पथ्यं पाळावी लागतील. सांगणाऱ्याला मध्ये तोडू नये, आणि 'खरी गोष्ट अशी आहे' म्हणून छापील पाठ त्याच्यापुढे ठेवू नये. नाहीतर तो पुढच्या बैठकीत तेच परत सांगतो आणि त्याच्या गावचा पाठ हातचा जातो. कापाकापी न करता सबंध कथन ध्वनिमुद्रित करावं. सांगणाऱ्याचं मूळ गाव, तालुका, कथा कुणाकडून ऐकली, आणि ते भाट होते, चारण होते की घरातलं माणूस, हे सुरुवातीलाच विचारून नोंदवावं. गद्य आणि ॻाह यांचं लिप्यंतर वेगवेगळ्या रंगांत किंवा समासांत करावं. देवनागरीत लिहिताना ॻ, ॼ, ॾ, ॿ ही सिंधी अक्षरं वापरावीत. साधे ग, ज, ड, ब वापरले तर वेगळे ध्वनी एक होतात आणि यमक कुठे जुळतं तेच कळेनासं होतं. आठवण अडली तर तिथे रिकामी जागा सोडावी, दुसऱ्या पाठातलं कडवं आणून भरू नये. बाघीचा नकार, पंचांची सभा आणि अबडोकडे पाठवलेला निरोप हे तीन प्रसंग प्रत्येक पाठात समोरासमोर ठेवून ताडून बघावेत, कारण गावागणिक सर्वाधिक फरक तिथे अपेक्षित आहे आणि सर्वांत जुने शब्दही तिथेच हाती लागण्याची शक्यता आहे.